व्होल्टेज क्लॅम्प: पायऱ्या सगळ्या होतात, क्रम तेवढा चुकतो

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं-मुली पेशीतून वाहणाऱ्या करंटचं रेकॉर्डिंग घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकदा पेशी चांगली असते, ॲम्प्लिफायर चांगला असतो आणि आकडे चुकलेले असतात. पायऱ्या सगळ्या केलेल्या असतात, फक्त मागेपुढे. सील (पिपेटचं, म्हणजे बारीक टोकाच्या काचेच्या नळीचं टोक पेशीला घट्ट चिकटणं) लागल्यावर शून्य केलेलं असतं. सिरीज रेझिस्टन्स (पिपेटच्या टोकात करंटला होणारा अडथळा) न बघताच आलेख काढलेला असतो. आतल्या, म्हणजे पिपेटमधल्या द्रावणाचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने जुळवलेला असतो. पडद्यावर उणे ८० मिलिव्होल्ट दिसतं म्हणून पेशीही उणे ८० वर आहे असं ही मुलं धरून चालतात. पण तो आकडा तुम्ही ॲम्प्लिफायरला दिलेला हुकूम आहे. पेशीपर्यंत त्यातलं किती पोचलं ते तुम्हालाच तपासायचं असतं.

काम समजायला रांजण डोळ्यांपुढे आणा. रांजणाला भोक आहे आणि पाण्याची पातळी एका रेघेवर ठेवायची आहे. जेवढं गळतं तेवढंच वरून ओतत राहायचं. किती ओतलं ते मोजलं की किती गळलं ते कळतं. ॲम्प्लिफायर हेच करतो. पेशीच्या पटलावरचं व्होल्टेज तुम्ही सांगाल तिथे धरतो आणि त्यासाठी किती करंट द्यावा लागला ते मोजतो. मात्र ओतणारा आणि रांजण यांच्यामध्ये एक बारीक नळी आहे, ती म्हणजे पिपेटचं टोक. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या त्या नळीतून येतात.

इथे मी होल-सेल पॅच क्लॅम्पबद्दलच लिहिते आहे, म्हणजे पिपेट पेशीला चिकटवून, तिथलं पटल फोडून पूर्ण पेशीचा करंट मोजायची पद्धत. पेशी एचईके-२९३ (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी), त्यात बाहेरून घातलेलं पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पटलातून पोटॅशियम जाऊ देणारं दार. ॲम्प्लिफायर ॲक्सोपॅच २००बी असो, मल्टिक्लॅम्प ७००बी असो की ईपीसी १०, बटणांची नावं बदलतील, क्रम हाच राहील. प्राण्यांच्या ताज्या पेशी घेणार असाल तर संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पुढचं काही सुरू करू नका.

१. खोली, अर्थिंग आणि जाळी

आपल्याला पिकोअँपिअरमध्ये मोजायचं आहे, म्हणजे एका अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. भिंतीतली वायर, ट्यूबलाइट, शेजारच्या टेबलावरचा मोबाइल चार्जर, सगळ्यांचा गुणगुणाट त्यात शिरतो.

इमारतीच्या अर्थिंगपासून सुरुवात करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो. पावसाळ्यात शांत असलेला सेटअप उन्हाळ्यात ५० हर्ट्झने भरून जातो आणि मुलं ॲम्प्लिफायर बिघडला म्हणून घाबरतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटमधलं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघायला सांगा. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात नियमित पाणी पडलं पाहिजे. एक गोष्ट कधीही करू नका: आवाज (मोजमापात शिरलेला विजेचा गुणगुणाट) कमी होतो म्हणून एखाद्या यंत्राच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

फॅरडे केज, म्हणजे हा गुणगुणाट अडवणारा धातूच्या जाळीचा पिंजरा, बाहेरून विकत आणायलाच हवा असं नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लोखंडी चौकट करून देणारे कितीतरी आहेत. जाळी धातूची हवी. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी इथे उपयोगाची नाही. चौकट बनवून घेताना मी कारागिराला रंग मारू नका म्हटलं, तर तो म्हणाला, “मॅडम, रंग न मारता कसं द्यायचं, गंजेल की!” त्याचं बरोबर होतं, माझंही होतं. शेवटी जिथे जाळी चौकटीला टेकते तेवढी पट्टी खरवडून घेतली आणि बाकी रंगवली. रंगाखाली जाळी आणि चौकट यांचा विजेचा संपर्क तुटतो, मग केज असून नसल्यासारखा. दाराच्या बिजागरीवर विसंबू नका, दार आणि चौकट यांच्यामध्ये एक जाड वेणीची वायर जोडा.

केज, मायक्रोस्कोप, मॅनिप्युलेटर (पिपेट बारीक हलवणारं यंत्र), टेबलाची प्लेट या प्रत्येकातून एकच वायर काढा आणि त्या सगळ्या एकाच तांब्याच्या पट्टीवर आणा. तिथून एक वायर ॲम्प्लिफायरच्या सिग्नल ग्राउंडला. एका वस्तूला दोन वाटांनी अर्थ मिळाला की फेरा तयार होतो आणि तो फेरा अँटेनासारखं काम करतो. बाथमधला (पेशी ठेवलेल्या द्रावणाच्या भांड्यातला) संदर्भ इलेक्ट्रोड मात्र या पट्टीवर नाही, तो हेडस्टेजच्या, म्हणजे पिपेट जिथे जोडतात त्या ॲम्प्लिफायरच्या पुढच्या छोट्या भागाच्या ग्राउंडलाच जातो.

द्रावण आणणारी नळीसुद्धा अँटेना होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. औषधाच्या दुकानातला सलाइनचा ड्रिप चेंबर नळीत मध्येच बसवा. थेंब तुटून पडतो, तिथे विजेची वाटही तुटते.

कंपनासाठी हवेचं टेबल परवडत नसेल तर स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरतात तशी ग्रॅनाइटची जाड फरशी घ्या आणि खाली स्कूटरच्या ट्यूबा, अर्धवटच हवा भरून. गच्च भरलेली ट्यूब कंपन जसंच्या तसं वर पाठवते.

तपासा: पिपेटचं टोक सर्वांत मोठ्या लेन्सखाली आणा आणि कुणालातरी खोलीत चालायला सांगा. टोक हललेलं दिसलं तर सील टिकणार नाही. मग हेडस्टेज उघडा ठेवून आवाज बघा, एकेक यंत्राचा प्लग काढत जा आणि कशाने कमी झाला ते वहीत लिहा.

सावध: मर्क्युरी लॅम्प असेल तर तो सगळ्यांत आधी लावा, ॲम्प्लिफायर आणि कॉम्प्युटर नंतर. दिवा पेटतानाचा झटका इलेक्ट्रॉनिक्सला मारक ठरू शकतो. दिवसा मध्येच लाइट जाऊन आली तर सगळं बंद करा आणि याच क्रमाने पुन्हा सुरू करा. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की हेडस्टेजला हात न लावता काम थांबवा, बंद करा, प्लग काढा.

२. आधी मॉडेल सेल, मग खरी पेशी

ॲम्प्लिफायरसोबत एक छोटा डबा येतो, त्यात रेझिस्टर आणि कपॅसिटर असतात. मुलं तो खणात टाकून विसरतात. माझ्याकडे येणाऱ्याने पहिले दोन दिवस फक्त त्याच्यावर काढावेत असा माझा आग्रह असतो, कारण इथे उत्तर आधीच माहीत असतं.

नेहमीच्या एका मॉडेल सेलमध्ये पिपेटच्या जागी १० मेगाओहम, पटलाच्या जागी ५०० मेगाओहम आणि ३३ पिकोफॅरड असतात. १० मिलिव्होल्टचा पल्स द्या. सुरुवातीचं टोक १ नॅनोअँपिअरच्या जवळ जायला हवं, फिल्टरमुळे थोडं कमी दिसेल. ते सुमारे ०.३३ मिलिसेकंदाच्या वेगाने खाली येऊन २० पिकोअँपिअरपाशी स्थिरावलं पाहिजे. तुमच्या डब्यावरचे आकडे वेगळे असतील तर हेच गणित त्यांच्यावर करा.

तपासा: २० ऐवजी २०० किंवा २ दिसलं तर सॉफ्टवेअरमधला गेन आणि ॲम्प्लिफायरचा गेन जुळलेला नाही. ही चूक इथे सापडली तर पाच मिनिटांचं काम आहे. सहा महिन्यांनी सापडली तर वाईट अवस्था होते.

हेडस्टेजला हात लावण्याआधी दर वेळी केजच्या धातूला बोट टेकवा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज हेडस्टेजचा आतला भाग जाळू शकते. हेडस्टेजची केबल काढताना-लावताना ॲम्प्लिफायर बंदच हवा.

३. द्रावणं

बाहेरचं द्रावण, मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १, हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं) १०, ग्लुकोज १०. पीएच ७.४, सोडियम हायड्रॉक्साइडने. ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) ३०० मिलिऑस्मोलरच्या आसपास येते.

आतलं, म्हणजे पिपेटमधलं: पोटॅशियम क्लोराइड १२०, मॅग्नेशियम क्लोराइड २, ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं) १०, हेपेस १०, मॅग्नेशियम-एटीपी २. पीएच ७.२, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने. ऑस्मोलॅरिटी बाहेरच्यापेक्षा १० ते २० ने कमी असू द्या.

पीएच जुळवताना हात आपोआप सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीकडे जातो. ईजीटीएचं आम्ल विरघळवून पीएच ७.२ ला आणायला साधारण २५ मिलिमोलर अल्कली लागते. ती सोडियमची असेल तर पेशीच्या आत २५ मिलिमोलर सोडियम गेलं आणि पोटॅशियम तेवढं कमी राहिलं. योग्य बाटली वापरली तर आत एकूण पोटॅशियम १४५ च्या जवळ येतं. बाहेर ५, आत १४५, तापमान २५ अंश, तर पोटॅशियमचं समतोल व्होल्टेज (जिथे त्याचा निव्वळ करंट शून्य होतो ते) सुमारे उणे ८६ मिलिव्होल्ट. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कॅल्शियम क्लोराइडबद्दल, कारण आपल्या भागात हे फार होतं. मृग लागला की हवा ओली होते आणि उघडलेल्या बाटलीतलं कॅल्शियम क्लोराइड पाणी ओढून घेतं. तराजूवर दिसणाऱ्या वजनात मग पाणीच बरंच असतं. एका श्रावणात माझी दोन आठवडे सीलं लागेनात. पिपेट बदलले, पेशी बदलल्या, काच बदलली. शेवटी बाटलीचं झाकण उघडून बघितलं तर आत खडे एकमेकांना चिकटून ओला गोळा झालेला. सील लागायला बाहेरच्या कॅल्शियमची मदत होते, आणि माझ्या द्रावणात ते हवं त्यापेक्षा पुष्कळ कमी होतं. तेव्हापासून कोरड्या दिवसांत नवी बाटली उघडून एकदम १ मोलरचा साठा करून ठेवते आणि पावसाळाभर तोच वापरते. लेबलही वाचा. दोन पाण्याचे रेणू असलेल्या कॅल्शियम क्लोराइडचा मोलर भार १४७ आहे, कोरड्याचा १११.

एटीपी दर वेळी वितळवून पुन्हा गोठवू नका. आतलं द्रावण एकेका दिवसापुरतं लहान नळ्यांत वाटून उणे २० वर ठेवा, काढलेली नळी बर्फात ठेवा, उरलेलं टाकून द्या. रात्री लाइट जाऊन फ्रीजर वितळला असेल तर त्या नळ्याही टाकून द्या. कळावं म्हणून फ्रीजरमध्ये एका कुपीत बर्फ गोठवून त्यावर एक रुपया ठेवा. सकाळी रुपया तळाला गेलेला दिसला की रात्री काय झालं ते समजतं.

दोन्ही द्रावणं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. आतलं द्रावण सिरिंजने पिपेटमध्ये भरतानाही.

४. चांदीची तार आणि पिपेट

पिपेट होल्डरमधली तार म्हणजे चांदी, तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर. थर निघून चमकती चांदी दिसू लागली की शून्य सरकत राहतं. तार बारीक पॉलिश पेपरने घासा, धुवा, घरगुती ब्लीचमध्ये १५-२० मिनिटं बुडवा. काळसर जांभळट करडा रंग एकसारखा आला की काढून डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा. ब्लीचचा थेंबही पेशींपर्यंत जाता कामा नये.

काचेची नळी बोरोसिलिकेटची, बाहेरचा व्यास १.५ मिलिमीटर, आत बारीक काडी असलेली. नळीच्या मधल्या भागाला बोट लावू नका, टोक तिथूनच ओढलं जाणार आहे. ओढल्यावर टोक मायक्रोफोर्जवर जरासं भाजा. खूप नको, कड गुळगुळीत होण्यापुरतं. या कामाला २ ते ४ मेगाओहमचे पिपेट हवेत. नवशिके ६-७ मेगाओहमचे घेतात कारण सील पटकन लागतं. पुढे सिरीज रेझिस्टन्स अडवतो तेव्हा त्याची किंमत मोजावी लागते. पिपेट त्याच दिवशी ओढून त्याच दिवशी वापरा, झाकलेल्या डब्यात ठेवून.

द्रावण एक तृतीयांश भरा. तार बुडली पाहिजे, होल्डर ओला होता कामा नये. टिचकी मारून टोकातला बुडबुडा काढा.

सावध: होल्डरमध्ये ओलावा हे पावसाळ्यातल्या आवाजाचं पहिलं कारण. रोज संध्याकाळी होल्डर सुटा करून, धुऊन, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करा. मायक्रोस्कोपच्या लेन्सनाही याच दिवसांत बुरशी धरते, त्यांनाही असाच डबा द्या.

५. पेशी

पेशी २४ ते ४८ तास आधी कव्हरस्लिपवर विरळ पेरा. एचईके पेशी एकमेकींना चिकटल्या की आतून जोडल्या जातात. तुम्ही एकीला क्लॅम्प करता आणि मोजता तिघींना. एकटी, कडा स्वच्छ, पृष्ठभाग गुळगुळीत अशी पेशी निवडा. फुगलेली, दाणेदार, केंद्रक ठळक दिसणारी सोडून द्या. लांब फाटे असलेल्या चेतापेशीवर ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. धडाजवळ व्होल्टेज धरलं जातं, फाट्याच्या टोकाला ते पोचत नाही आणि तिथला करंट आलेखात भेसळ करतो.

६. बाथमध्ये उतरताना: दाब आधी, शून्य नंतर

इथून पुढे एक पायरी मागेपुढे झाली की पेशी वाया.

पिपेट होल्डरला लावा आणि बाहेरच हलका दाब द्या, तोंडाने नळीत हळूच फुंकल्याएवढा, मग कॉक बंद करा. दाब न देता पिपेट पाण्यात गेला की पृष्ठभागावरचा कचरा टोकाला चिकटतो. तो पिपेट टाकून द्या, पुसून चालत नाही.

आता पाण्यात उतरा. ५ मिलिव्होल्ट, १० मिलिसेकंदाचा पल्स सुरू करा. ३ मेगाओहमच्या पिपेटला १.७ नॅनोअँपिअरची पायरी दिसायला हवी. पायरी दिसतच नसेल तर बुडबुडा आहे, तार द्रावणात नाही किंवा संदर्भ इलेक्ट्रोड कोरडा आहे, याच क्रमाने बघा.

मग पिपेट ऑफसेट शून्य करा. एकदाच, आणि इथेच. सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ महिनाभर मी सील लागल्यावरही हे बटण दाबत होते, “थोडं सरकलंय” म्हणून. सील लागल्यावर जो करंट दिसतो तो पेशीच्या आणि सीलच्या वाटेने आलेला असतो, ऑफसेटचा नव्हे. तो पुसायला गेलं की व्होल्टेजच बदलून जातं, आणि किती बदललं ते नंतर कुठूनही काढता येत नाही. त्या महिन्याच्या सगळ्या पेशी मला रद्द कराव्या लागल्या.

तपासा: शून्य केल्यावर दहा मिनिटं पिपेट तसाच बाथमध्ये ठेवा. एक मिलिव्होल्टपेक्षा जास्त सरकला तर तारेवर पुन्हा थर चढवा. हे रोज करायला नको, तार नवी असताना आणि आठवड्यातून एकदा पुरे.

दोन द्रावणं टोकाशी भेटतात तिथे एक लहान व्होल्टेज तयार होतं, त्याला लिक्विड जंक्शन पोटेन्शियल म्हणतात. शून्याच्या बटणाने तेही झाकलं जातं आणि पेशीत शिरल्यावर चुकीच्या रूपात परत येतं. वर दिलेल्या द्रावणात ते तीन-चार मिलिव्होल्ट असतं. आतल्या क्लोराइडच्या जागी बहुतेक ग्लुकोनेट घातलं तर १५ च्या आसपास. मग तुम्ही उणे ६० सांगितलं तरी पेशी उणे ७५ वर असते. दुरुस्ती केली की नाही ते प्रत्येक आलेखाखाली लिहा.

७. सील

पेशीच्या माथ्यावर उतरा. दाबामुळे पटलावर खळी पडलेली दिसेल आणि करंटची पायरी थोडी, दहा-वीस टक्के, कमी होईल. त्या क्षणी दाब सोडा. बऱ्याचदा एवढ्यानेच सील चढायला लागतं. नाही लागलं तर अगदी हलकं ओढा. याच वेळी होल्डिंग व्होल्टेज उणे ६० ते उणे ७० वर आणा, त्याने मदत होते.

पायरी सपाट होत जाते. १ गिगाओहमला ५ मिलिव्होल्टवर फक्त ५ पिकोअँपिअर उरतात. १ गिगाओहमच्या खाली थांबलेलं सील घेऊन पुढे जायचा मोह होतो. जाऊ नका. त्या गळतीतून येणारा करंट तुम्ही चॅनेलचा समजून बसाल.

सील लागल्यावर पल्सच्या दोन्ही कडांना बारीक टोकं उरतात, ती पिपेटच्या काचेची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता). फास्ट कपॅसिटन्सचं बटण फिरवून ती आत्ताच घालवा. पेशीत शिरल्यावर काचेचं टोक आणि पेशीचं टोक एकमेकांत मिसळतात, मग वेगळं करता येत नाही.

८. पेशीत शिरणं

छोटा, झटक्याचा ओढा द्या आणि लगेच सोडा. पटल फुटलं की पल्सच्या कडांना मोठी, हळू उतरणारी टोकं एकदम उभी राहतात. होल्डिंग करंट मात्र फारसा वाढता कामा नये. ओढून फुटत नसेल तर झॅपचं (विजेचा क्षणिक झटका देणारं) बटण, सर्वांत लहान वेळेपासून सुरू करून. शिरल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, आतलं द्रावण पेशीत पसरू द्या. या वेळात मुलं घाईने पहिला आलेख घेतात आणि तोच सगळ्यांत वेगळा येतो.

९. सिरीज रेझिस्टन्स

पिपेट ३ मेगाओहमचा असला तरी फुटलेल्या पटलाच्या चिंध्या टोकात अडकतात आणि शिरल्यावर रेझिस्टन्स ८ ते १० मेगाओहम होतो. रांजणाची ती बारीक नळी हीच. करंट तिच्यातून वाहतो तेव्हा व्होल्टेजचा एक भाग तिच्यातच खर्च होतो.

आकड्यांत बघा. रेझिस्टन्स ८ मेगाओहम, करंट ४ नॅनोअँपिअर. गुणाकार ३२ मिलिव्होल्ट. तुम्ही पेशीला अधिक ६० सांगितलं, तिला मिळालं अधिक २८. आलेखाच्या आडव्या अक्षावर तुम्ही ६० लिहिता आणि तो बिंदू खोटा ठरतो. करंट जेवढा मोठा तेवढी चूक मोठी, म्हणजे जे चॅनेल उत्तम बसलंय त्याचाच आलेख सर्वांत जास्त वाकडा. हे समजल्यावर पुष्कळ मुलं “मोठा करंट मिळाला” म्हणून खूश व्हायचं थांबवतात, आणि मला ते फार बरं वाटतं.

वेगाचंही तसंच. १० मेगाओहम आणि २० पिकोफॅरडची पेशी म्हणजे २०० मायक्रोसेकंद. व्होल्टेज बदलायला सांगितलं तरी पेशी तेवढी मागे राहते.

करायचं ते असं. आधी होल-सेल कपॅसिटन्स आणि सिरीज रेझिस्टन्स ही दोन बटणं आलटून पालटून फिरवून टोकं सपाट करा. बटणांवरचे आकडे वहीत लिहा, पेशीची कपॅसिटन्स आणि सिरीज रेझिस्टन्स तेच. मग कॉम्पेन्सेशन (नळीत खर्च होणारं व्होल्टेज ॲम्प्लिफायरकडून भरून घेणं) हळूहळू ७० ते ८० टक्क्यांपर्यंत चढवा. वरच्या उदाहरणात ७५ टक्क्यांनी ३२ ची चूक ८ वर येते. चढवताना टोकांत थरथर दिसली की लगेच मागे या, टोकं पुन्हा सपाट करा, पुन्हा चढवा. थरथर वाढू दिली तर ॲम्प्लिफायर पेशीवर मोठं व्होल्टेज आदळतो आणि पेशी क्षणात मरते.

सावध: फास्ट कपॅसिटन्स नीट न घालवता कॉम्पेन्सेशन चढवलं की थरथर लवकर येते. मुलं मग ४० टक्क्यांवर समाधान मानतात. कॉम्पेन्सेशनला दोष न देता सातव्या टप्प्यातली चूक शोधा.

उरलेली चूक हिशेबात धरा: न भरलेला रेझिस्टन्स गुणिले सर्वांत मोठा करंट. ती ५ मिलिव्होल्टच्या वर जात असेल तर मी ती पेशी करंट-व्होल्टेजच्या वक्ररेषेसाठी घेत नाही. कमी चॅनेल असलेली पेशी शोधा किंवा जाडसर टोकाचा पिपेट घ्या. सोडियम करंट बघत असाल तर खूण सोपी आहे. एका पायरीला काहीच नाही आणि पुढच्या १० मिलिव्होल्टला करंट एकदम शिखरावर, असं दिसलं तर क्लॅम्प सुटलेला आहे.

१०. रेकॉर्डिंग

होल्डिंग उणे ८०, पायऱ्या उणे ८० पासून अधिक ६० पर्यंत १०-१० मिलिव्होल्टच्या, प्रत्येक ३०० मिलिसेकंद, दोन पायऱ्यांमध्ये निदान ५ सेकंद. पोटॅशियम चॅनेलसाठी बेसेल फिल्टर २ किलोहर्ट्झ आणि सॅम्पलिंग १० किलोहर्ट्झ पुरे होतं. सोडियमसाठी फिल्टर १० आणि सॅम्पलिंग ५० किलोहर्ट्झ ठेवा. फिल्टर आणि सॅम्पलिंगमध्ये पाचपटीचं अंतर असू द्या.

गळती वजा करायला सॉफ्टवेअर छोट्या पायऱ्या घेऊन हिशेब करतं. तो वापरा, पण वजा न केलेली मूळ नोंदही जपून ठेवा. वजाबाकी खराब सील झाकते.

दर काही पायऱ्यांनी ५ मिलिव्होल्टचा पल्स देऊन सिरीज रेझिस्टन्स बघा. सुरुवातीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढला तर हलका ओढा देऊन बघा. उतरला नाही तर पेशी तिथे संपली असं माना. तारीख, द्रावणाची तारीख, तापमान, सील, कपॅसिटन्स, सिरीज रेझिस्टन्स, कॉम्पेन्सेशन किती टक्के, हे सगळं त्याच क्षणी वहीत. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

तपासा: चॅनेल उघडण्यासाठी अधिक ४० वर थोडा वेळ ठेवा आणि मग उणे ५० पासून उणे ११० पर्यंत खाली उतरा. शेपटीसारखा करंट कुठल्या व्होल्टेजला दिशा बदलतो ते बघा. जंक्शनची दुरुस्ती धरून तो उणे ८६ च्या जवळ हवा. तो उणे ६० ला येत असेल तर द्रावण, शून्य किंवा सील यांत काहीतरी चुकलंय. दुसऱ्या कुठल्याही तपासणीपेक्षा माझा भरवसा या एका आकड्यावर जास्त आहे, कारण यात पूर्ण साखळी एकदम तपासली जाते.

११. पेशी सोडल्यावर

पिपेट पेशीवरून उचला, बाथमध्येच ठेवा, सील तुटू द्या. होल्डिंग शून्यावर आणा. तुम्ही सुरुवातीला शून्य केलं होतं, आता किती सरकलंय? दोन-तीन मिलिव्होल्टपर्यंत ठीक, वहीत लिहा. त्याच्यावर असेल तर त्या पेशीसमोर खूण करा आणि वक्ररेषेत धरू नका.

दिवस संपताना नळ्यांतून डिस्टिल्ड पाणी भरपूर सोडा. मीठ सुकलं की व्हॉल्व्ह अडकतात आणि लेन्सची कड खाल्ली जाते. संदर्भ इलेक्ट्रोड धुऊन कोरडा करा. होल्डर सिलिका जेलच्या डब्यात, हेडस्टेजवर कापड. ॲम्प्लिफायर आणि कॉम्प्युटर आधी बंद, मर्क्युरी लॅम्प सगळ्यांत शेवटी. पावसाचे दिवस असतील तर प्लगही काढून ठेवा.